कळतं, पण वळत का नाही?

बांगलादेशच्या ग्रामीण भागातल्या दोन प्राथमिक शाळा. मुलं शौचालयातून बाहेर पडायची आणि धूम ठोकायची. संशोधकांनी निरीक्षण करून मोजलं, तेव्हा साबणाने हात धुणारी मुलं शंभरात जेमतेम ४ निघाली. आपल्यासारख्या मोठ्यांचा यावरचा पहिला उपाय ठरलेला असतो: मुलांना ओळीत बसवायचं, जंतूंचं चित्र दाखवायचं, घोषणा म्हणून घ्यायची. इथे यातलं काहीच केलं नाही. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत एक पक्की पायवाट बांधली, ती भडक रंगांत रंगवली, तिच्यावर पावलांचे ठसे काढले आणि जिथे हात धुवायचे तिथे हातांचे ठसे काढले. झालं. रंगकाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हात धुणारी मुलं ६८ टक्के होती. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर ७४ टक्के.

मुलांच्या ज्ञानात काडीचीही भर पडली नव्हती. त्यांच्या पायांना फक्त एक वाट मिळाली होती.

दोनच शाळा आणि सहाच आठवडे, तेव्हा या आकड्यांवर फार मोठा इमला बांधू नये हे खरं. तरी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्याशा प्रयोगात एका मोठ्या विषयाचं सार आहे.

विषयाचं नाव जड आहे: शाश्वत विकासासाठी वर्तनविज्ञान. शाश्वत विकास म्हणजे आपल्या गरजा अशा रीतीने भागवायच्या की पुढच्या पिढ्यांच्या ताटातलं ओढून घेतलं जाणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये त्यासाठी १७ उद्दिष्टं आणि त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं ठरवली, मुदत २०३०. यादी वाचताना वाटतं, हे सगळं सरकारांचं, कारखान्यांचं, आंतरराष्ट्रीय करारांचं काम. बरंचसं आहेही. पण शौचालय बांधून झालं की ते वापरणार कोण? पाणी शुद्ध करायचं औषध बाजारात आलं, ते हंड्यात टाकणार कोण? दिवा, नळ, ताट, पिशवी, गाडीची किल्ली, या सगळ्यांच्या शेवटच्या टोकाला कुणाचा तरी हात असतो. तो हात कधी हलतो, कधी हलत नाही आणि का, याचा अभ्यास म्हणजे वर्तनविज्ञान.

संशोधकांचा एक आवडता शब्दप्रयोग आहे, ‘हेतू आणि कृती यांमधली दरी’. लोकांना विचारा, पर्यावरणाची काळजी वाटते का? बहुतेक जण हो म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पण संध्याकाळपर्यंत त्यातलं फारसं काही हातून घडलेलं नसतं. मराठीला या दरीसाठी चारच शब्द पुरतात: कळतं पण वळत नाही. गंमत अशी, की एवढी नेमकी म्हण पिढ्यान्‌पिढ्या तोंडात असूनही आपण उपाय शोधतो ते ‘कळण्या’वरच. आणखी एक पत्रक, आणखी एक फलक, आणखी एक जनजागृती सप्ताह.

यामागे माणसाबद्दलचा एक जुना समज आहे. माणूस मनातल्या मनात नफा-तोट्याची वही मांडतो. त्याला योग्य माहिती आणि योग्य किंमत दिली, की तो योग्य तेच करतो. अर्थशास्त्राचा मोठा डोलारा या समजावर उभा होता. हर्बर्ट सायमन यांनी त्याला पहिला धक्का दिला. माणसाकडे वेळ थोडा, माहिती अर्धवट, डोकं एकच. म्हणून तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, ‘चालेल’ असा पर्याय मिळाला की थांबतो. पुढे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की मिळालेल्याचा आनंद आणि गमावल्याचं दुःख आपल्या तराजूत सारखं भरत नाही; गमावण्याचं पारडं जड जातं. सायमन (१९७८), कानमन (२००२) आणि त्यांच्याच वाटेवरचे रिचर्ड थेलर (२०१७) या तिघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे धक्का चांगलाच बसला होता.

थेलर आणि कायदेपंडित कास सनस्टीन यांनी २००८ मध्ये ‘नज’ हा शब्द लोकप्रिय केला. शब्दशः अर्थ, शेजारच्याला कोपराने हलकेच खुणावणं. (याला मराठीत ‘कोपरखळी’ म्हणण्याचा मोह होतो, पण आपली कोपरखळी टोचते. नज टोचता कामा नये.) कुठलाही पर्याय बंद करायचा नाही, पैशांचं गणित फारसं बदलायचं नाही, फक्त पर्यायांची मांडणी अशी करायची की चांगली गोष्ट सहज हाताशी येईल. पायवाटेवरचे ठसे हे नजचं अगदी चोख उदाहरण.

कोरी राहिलेली चौकट

या विज्ञानाच्या पेटीतलं सगळ्यात दमदार हत्यार दिसायला सगळ्यात निरस आहे: डिफॉल्ट. तुम्ही काहीच केलं नाहीत तर तुम्हाला काय मिळतं, ते.

जर्मनीतल्या एका वीज कंपनीच्या संकेतस्थळावर सुमारे ४२,००० घरांनी विजेचे करार पाहिले आणि संशोधकांनी त्यांच्यावर एक प्रयोग केला. काहींच्या पडद्यावर ‘मला अक्षय ऊर्जेची वीज हवी’ ही चौकट कोरी होती. हवी असेल तर टिचकी मारायची. काहींच्या पडद्यावर तीच चौकट आधीच भरलेली होती. नको असेल तर खूण काढायची. हरित वीज थोडी महागच होती. बाकी सगळं सारखं, फरक फक्त एका टिचकीचा. पहिल्या प्रकारात करार करणाऱ्यांपैकी ७.२ टक्के लोकांनी हरित वीज घेतली. दुसऱ्या प्रकारात ६९.१ टक्क्यांनी.

आकडे पुन्हा वाचा. ज्या फरकासाठी प्रचारमोहिमा वर्षानुवर्षं घाम गाळतात, तो एका चौकटीने पाडला.

आणि ही फसवून मिळवलेली, चार दिवसांत विरणारी सही नव्हे, असं मानायला जागा आहे. स्वित्झर्लंडमध्ये वीज कंपन्यांनी ग्राहकांचा डिफॉल्ट बदलून हरित वीज केला, तेव्हा घरं आणि व्यवसाय मिळून सुमारे ८० टक्के ग्राहक त्यावरच राहिले, तेही किमान चार वर्षं. बिलं येत राहिली, लोक ती भरत राहिले.

असं का होतं? एक तर आळस, आणि तो शब्द मी शिवी म्हणून वापरत नाही. दिवसभरात शेकडो बारीकसारीक गोष्टी ठरवणारा मेंदू ज्या निर्णयाला टाळाटाळ चालते तिथे टाळाटाळच करतो. दुसरं, आधीच भरलेली चौकट ही एक मूक शिफारस असते: बहुधा हेच बरं असावं, म्हणून तर ठेवलंय. आणि तिसरं कारण कानमन-ट्व्हर्स्कींचं. चौकट भरलेली असली की हरित वीज ‘माझी’ झालेली असते. खूण काढणं म्हणजे हातातलं काही सोडणं.

स्वीडनमधल्या एका विद्यापीठात हीच गोष्ट छपाईयंत्रांवर करून पाहिली. कर्मचाऱ्यांना आधी ‘कागद वाचवा, दोन्ही बाजूंनी छापा’ असं आवाहन केलं. परिणाम शून्य. मग कुणालाही न दुखावता यंत्राची मूळ सेटिंग एका बाजूवरून दोन बाजूंवर आणली. कागदाचा वापर १५ टक्क्यांनी घटला. एका बाजूने छापायची मुभा प्रत्येकाला होतीच. आवाहनाची फाइल लिहिणाऱ्याने त्या एका वाक्यावर किती वेळ घालवला असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

शेजारी काय करतो?

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात संशोधकांनी घरोघरी दाराच्या मुठींना पत्रकं अडकवली. उन्हाळ्यात एसीऐवजी पंखा लावा, एवढाच मुद्दा. पण कारणं वेगवेगळी. काही घरांना सांगितलं, यातून पर्यावरण वाचेल. काहींना, पुढच्या पिढ्यांसाठी हे तुमचं कर्तव्य आहे. काहींना, तुमचे पैसे वाचतील. आणि काहींना फक्त इतकंच: तुमच्या गावातले ७७ टक्के लोक बहुतेक वेळा पंखाच वापरतात. नंतर मीटर वाचले, तर सगळ्यात जास्त वीज वाचली होती ती या शेवटच्या पत्रकाने.

यातली खरी मजा पुढे आहे. लोकांना जेव्हा विचारलं, की तुम्ही वीज कशामुळे वाचवता, तेव्हा ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण त्यांनी यादीत तळाला टाकलं. शेजाऱ्याकडे बघून वागणारे आपण नव्हेच, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून लोकांना ‘तुम्हाला काय पटेल?’ असं विचारून मोहीम आखणं धोक्याचं. ते प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देतात.

त्याच गावात दुसऱ्या एका प्रयोगात घरांना त्यांचा स्वतःचा वीजवापर आणि आसपासच्या घरांची सरासरी शेजारी शेजारी लिहून दिली. सरासरीपेक्षा जास्त वापरणारे खाली आले, हे अपेक्षित. पण कमी वापरणारे वर चढले! ‘अरे, आपण उगाचच काटकसर करतोय’ असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. काही घरांत मात्र कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर हाताने एक हसरा चेहराही काढला होता. दोन ठिपके आणि एक वक्र रेघ. तेवढ्याने ती घरं जागेवर राहिली. ‘बाकीचे काय करतात’ याच्या जोडीला ‘तू करतोस ते छान आहे’ हेही माणसाला ऐकायचं असतं.

या प्रयोगांतून एक उद्योगच उभा राहिला. अमेरिकेत ओपॉवर या कंपनीने वीज ग्राहकांना तुलनेची पत्रं पाठवायला सुरुवात केली. सहा लाख घरांचा हिशेब मांडला, तेव्हा बचत सरासरी २ टक्के निघाली. दोन? एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण तेवढीच बचत दर वाढवून करायची तर वीज तात्पुरती ११ ते २० टक्क्यांनी महाग करावी लागली असती, असा अंदाज आहे. टपालखर्चाच्या मानाने सौदा वाईट नाही. दोन वर्षांनी पत्रं बंद केली तेव्हा परिणाम एकदम गळून पडला नाही. वर्षाला १० ते २० टक्के या गतीने ओसरत गेला.

कोस्टा रिकाच्या बेलेन या नगरात पाण्याच्या बिलावर अशीच तुलना चिकटवली आणि वापर साधारण ४ ते ५ टक्क्यांनी उतरला. तिथे एक बारकावा सापडला: तुलना आपल्या वस्तीशी केली तर परिणाम, अख्ख्या नगराशी केली तर नाही. ‘सगळे’ फार लांब असतात, शेजारी भिंतीपलीकडे असतो.

आता याच हत्याराची उलटी धार. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पर्यटक खिशात तुकडे घालून नेत. उद्यानातल्या एका फलकाची भाषा अशी होती, की पूर्वी अनेक पर्यटकांनी तुकडे नेले आणि त्यामुळे उद्यानाचं रूप बिघडलं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिअल्डिनी आणि सहकाऱ्यांनी या फलकाची तुलना ‘कृपया तुकडे नेऊ नका’ अशा सरळ विनंतीशी केली. वाटेवर मोजून तुकडे ठेवले होते. सरळ विनंती असताना १.६७ टक्के तुकडे गेले. ‘अनेक जण नेतात’ असं सांगितल्यावर ७.९२ टक्के गेले. चोरी थांबवायला लावलेल्या फलकाने चोरी जवळपास पाचपट केली, कारण त्याने बातमी दिली की इथे सगळेच नेतात.

‘लोक सर्रास कचरा टाकतात’, ‘कुणीच पाणी जपून वापरत नाही’ अशी हताश वाक्यं लिहिण्याआधी हा फलक आठवावा. तळमळीने लिहिलेली असली, तरी ती वाचणाऱ्याच्या कानात परवानगी पुटपुटतात.

मग चांगलं वागणारे खरोखरच थोडे असतील तर? खोटं सांगायचं? गरज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका उपाहारगृहात रांगेतल्या लोकांना दोन तऱ्हेने माहिती दिली. ‘३० टक्के लोक मांस कमी खाण्याचा प्रयत्न करतात’ असं वाचलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं. ‘३० टक्के लोकांनी अलीकडे मांस कमी खायला सुरुवात केली आहे’ असं वाचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. माणसं आज कुठे उभी आहेत यापेक्षा कुठल्या दिशेने निघाली आहेत, याची ओढ जास्त असते.

पैसे, वेळ आणि एक अस्वल

पैशाचं काय? वर्तनविज्ञान पैशाला मोडीत काढत नाही, पण पैसा कोणत्या वेषात येतो याकडे बघतं. अमेरिकेतल्या मॉन्टगोमरी परगण्यात काही दुकानं स्वतःची पिशवी आणणाऱ्या ग्राहकाला ५ सेंट सूट देत. कुणी ढुंकूनही बघत नसे. २०१२ मध्ये तिथे दुकानातल्या पिशवीवर ५ सेंट कर लागला. रक्कम तीच, दिशा उलटी. पिशवी घेणाऱ्यांची संख्या शंभरामागे चाळीसपेक्षा जास्तने कमी झाली. पाच सेंट कमावण्यासाठी न हललेला माणूस पाच सेंट जाऊ नयेत म्हणून घरून पिशवी आणू लागला. आयर्लंडने तर २००२ मध्येच १५ सेंटची आकारणी करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा वापर सुमारे ९० टक्क्यांनी खाली आणला होता.

पण दंडाने नेहमीच फायदा होतो असंही नाही. इस्रायलच्या हायफा शहरातल्या काही पाळणाघरांनी उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढले. आधी उशीर झाला की ताईंसमोर ओशाळं व्हायला होत असे. आता उशीर ही विकत मिळणारी सेवा झाली. दंड काढून टाकल्यावरही ओशाळेपण परत आलं नाही. संकोच, लाज, आपुलकी यांवर चाललेली व्यवस्था पैशाच्या हवाली करताना दहादा विचार करावा, असं मला या प्रयोगावरून वाटतं.

वेळेचंही तसंच. पश्चिम केनियातले शेतकरी सांगत की पुढच्या हंगामात खत घालणार. पेरणी यायची तेव्हा हातात पैसा उरलेला नसे. मग एका संस्थेचा माणूस पीक निघाल्या निघाल्या, पैसा घरात असताना, दारात गेला: आत्ता पैसे भरा, खत नंतर घरपोच येईल, पोचवण्याचा खर्च माफ. खत घेणारे शेतकरी जवळपास दीडपट झाले. पेरणीच्या वेळी दिलेली मोठी सवलत म्हणजे वरातीमागून घोडं. कापणीच्या वेळची एवढीशी सवलत तिच्या तोडीस तोड ठरली. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की पर्यावरणपूरक सवयींचा सल्ला ज्यांनी गेल्या तीन महिन्यांत घर बदललंय त्यांच्यावर जास्त लागू पडतो. नव्या घरात जुन्या सवयींना खुंटी सापडलेली नसते.

आणि अस्वलाची गोष्ट. आंघोळीच्या गरम पाण्यात किती ऊर्जा जाते याचा आपल्याला पत्ताच नसतो. दिवा जळताना दिसतो, पण पाणी तापवायला गेलेली ऊर्जा वाफेत हरवते. ज्यूरिखमध्ये सहाशेहून अधिक घरांत शॉवरच्या नळीला एक छोटं यंत्र बसवलं. त्याला बॅटरी लागत नाही, वाहत्या पाण्यावरच ते चालतं. पडद्यावर किती लिटर पाणी आणि किती ऊर्जा गेली हे त्या क्षणी दिसतं, आणि खाली एका हिमखंडावर उभं असलेलं पांढरं अस्वल. तुम्ही जितका वेळ घ्याल तितका अस्वलाच्या पायाखालचा बर्फ वितळत जातो. आंघोळीला लागणारी ऊर्जा २२ टक्क्यांनी घटली. महिन्याच्या बिलातून जे समजत नाही, ते डोक्याला साबण लावलेला असताना समजलं, जेव्हा हात नळापासून वीतभर अंतरावर होता. पुढे हेच यंत्र स्वित्झर्लंडमधल्या काही हॉटेलांत बसवलं. तिथे पाहुण्यांना पाण्याचं किंवा विजेचं वेगळं बिल नव्हतं, कुणी पाहत नव्हतं, बक्षीस नव्हतं. तरीही ११ टक्क्यांहून जास्त बचत झाली. पैशाशिवाय माणूस हलत नाही म्हणणाऱ्यांनी या खोल्यांचा विचार करावा.

हुरळून जाण्याआधी

इथवर वाचून कुणाला वाटेल, की आता पृथ्वी वाचवायला थोडा रंग, थोडे ठिपके आणि काही चौकटी पुरतील. पी हळद अन्‌ हो गोरी असं हे काम नाही.

पहिली गोष्ट, आकडे. २०२२ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी सरकारी कामांत नज करून बघणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या पथकांचे १२६ प्रयोग तपासले. त्यांत दोन कोटींवर माणसं होती. इतर संशोधकांच्या, शोधनिबंधांत छापून आलेल्या प्रयोगांचा सरासरी परिणाम शंभरात ८.७ माणसांइतका होता. पथकांनी प्रत्यक्षात केलेल्या सगळ्या प्रयोगांची सरासरी काढली तर तो १.४ निघाला. शून्य नाही, पण सहापट कमी. कारण उघड आहे: जमलेले प्रयोग छापले जातात, फसलेले कपाटात राहतात. हॉटेलातल्या पाहुण्यांना ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक जण टॉवेल पुन्हा वापरतात’ असं सांगितलं की ते जास्त ऐकतात, हा अमेरिकेतला २००८ चा प्रयोग अतिशय गाजला. जर्मनीत तो पुन्हा केला, तेव्हा त्या खास वाक्याचा साध्या विनंतीहून वेगळा काही फायदा दिसला नाही. म्हणून कुठलीही युक्ती उचलून आणण्याआधी आपल्या लोकांवर थोडक्यात करून बघणं, आणि फसली तर तसं जाहीर सांगणं, हा या कामाचा धर्म असायला हवा. तो अजून पुरता रुजलेला नाही.

दुसरी गोष्ट, रिकाम्या खिशाला खुणावून उपयोग नसतो. बांगलादेशातल्या तानोर भागात ३८० वस्त्यांमध्ये शौचालयांवर एक मोठा प्रयोग झाला. काही वस्त्यांत फक्त मनं वळवण्याची मोहीम घेतली: गावसभा, चर्चा, सामूहिक निर्धार. तिचा शौचालयांच्या संख्येवर परिणाम दिसला नाही. जिथे मोहिमेसोबत गरीब कुटुंबांना अनुदानही दिलं, तिथे शौचालयं वाढली. आणि ज्या शेजाऱ्यांना अनुदान मिळालं नव्हतं, त्यांच्यातही काही जणांनी ती बांधली. म्हणजे शेजाऱ्याची ओढ इथेही होती, फक्त आधी कुणीतरी खिशातून पैसे काढावे लागले.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती जरा कडू आहे. नज स्वस्त असतो, कुणाला दुखवत नाही, म्हणून सत्तेवरच्या माणसाला तो फार आवडतो. २०१९ च्या एका अभ्यासात लोकांना कार्बन करासोबत (म्हणजे प्रदूषण करणाऱ्या इंधनावरच्या करासोबत) ‘हरित वीज डिफॉल्ट’ हाही पर्याय दाखवला. तो दिसताच कराला असलेला पाठिंबा घटला. ‘सोपं औषध आहे ना, मग कडू कशाला?’ सोप्या औषधाचा परिणाम खरोखर किती लहान आहे हे स्पष्ट सांगितलं, तेव्हा पाठिंबा सावरला. ‘तुमचा कार्बन ठसा मोजा’, म्हणजे तुमच्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजा, ही कल्पना घराघरांत नेण्यात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. तिने २००४ मध्ये त्यासाठी गणकयंत्रही उपलब्ध करून दिलं. जो तेल विकतो त्यानेच ग्राहकाला आरसा दाखवायचा, हे बोलकं आहे.

हवामानबदलावरच्या आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय की मागणीच्या बाजूने, म्हणजे आपण काय आणि किती वापरतो त्यात बदल करायला, पावलं उचलली तर २०५० पर्यंत अनेक क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी कमी होऊ शकतं. हा आकडा पुष्कळदा ‘बघा, सगळं लोकांच्याच हातात आहे’ असा वापरला जातो. पण त्यात रस्ते, बस, इमारती, तंत्रज्ञान हे सगळं धरलेलं आहे. जिथे बसच येत नाही तिथे बसने जा म्हणून खुणावणं ही थट्टा आहे.

आणि मग नैतिक प्रश्न उरतो: ही मांडणी करणार कोण? याला पळवाट नाही, कारण मांडणी नसलेली जागा नसते. केंब्रिजच्या महाविद्यालयांतल्या जेवणघरांत चारपैकी एकाऐवजी दोन पदार्थ शाकाहारी ठेवले, तेव्हा शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली. ही ढवळाढवळ झाली, असं कुणी म्हणेल. पण आधी तीन पदार्थ मांसाचे होते, तेही कुणीतरी ठरवलेलंच होतं. माझी कसोटी साधी आहे. केलेली मांडणी लोकांना उघडपणे सांगता येते का, आणि बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेइतकीच रुंद आहे का? महाग हरित वीज डिफॉल्ट केली तर चौकट बदलायची राहून जाणाऱ्यांत ज्यांना ते जास्तीचे पैसे झेपत नाहीत असेही लोक असतात. त्यांची आधी सोय लावली नाही, तर चांगल्या हेतूचं बिल गरिबाच्या नावाने फाटतं.

शेवटी पुन्हा पाण्याकडे येतो. केनियात घरी पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीनच्या बाटल्या दुकानांत मिळत होत्या, त्यांचा प्रचारही होता. घेणारे थोडेच. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी क्लोरीनची टाकी थेट पाणवठ्यावर, खांबावर बसवली. ठळक रंगाची, येताजाता दिसणारी. पाणी भरायचं, भांडं टाकीखाली धरायचं, एक खटका फिरवायचा. मोजून तेवढेच थेंब पडतात. घरी चालत जाईपर्यंत क्लोरीन पाण्यात मिसळतं. पैसे नाहीत, मोजमाप नाही, आठवण ठेवायची गरज नाही, आणि कोण खटका फिरवतं हे रांगेतल्या सगळ्यांना दिसतं. या लेखात आलेलं जवळपास सगळं त्या एका खांबावर टांगलेलं आहे, आणि वापर बाटल्यांच्या कितीतरी पट झाला.

फक्त ती टाकी आपोआप भरत नाही. दूरवरच्या गोदामातून मोटारसायकलवर क्लोरीनचे कॅन घेऊन कुणीतरी कच्च्या रस्त्याने येतं, गावाने नेमलेला एक माणूस झाकण काढून टाकी भरतो, गळती आहे का बघतो. त्या मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे दर महिन्याला कुठल्या तरी अंदाजपत्रकात धरावे लागतात. ज्या महिन्यात ते धरायचे राहतात, त्या महिन्यात बाया सवयीने खटका फिरवतात आणि भांड्यात काहीच पडत नाही.